कारखान्याभोवतीच्या बर्फातलं निकेल: आकडा आला, त्याचा अर्थ कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धातू वितळवणाऱ्या एका कारखान्यापासून (स्मेल्टरपासून) ३ किलोमीटरवर बादलीभर बर्फ गोळा केला, वितळवून प्रयोगशाळेत दिला. निकेल लिटरमागे १२ मायक्रोग्रॅम आलं. हे जास्त आहे का? आणि यावरून कारखाना हवेत किती निकेल सोडतो ते कळेल का?

नुसत्या या आकड्यावरून दोन्हींपैकी काहीच कळत नाही. लिटरमागचं प्रमाण हा भागाकार आहे. अंशात कारखान्याची धूळ आहे, पण छेदात त्या हिवाळ्यात तिथं टिकलेला बर्फ आहे, आणि बर्फाशी कारखान्याचा काही संबंध नाही. समजा, दोन जागी अगदी सारखी धूळ बसली. एक जागा वाऱ्यानं झोडपलेला उघडा माळ, तिथं वितळून ४० मिलिमीटर पाणी होईल एवढाच बर्फ उरला. दुसरी झाडीतली मोकळी जागा, तिथं १२० मिलिमीटर. माळावरच्या लिटरभर पाण्यात धातू तिप्पट दिसेल आणि अहवालात माळ 'जास्त प्रदूषित' ठरेल. म्हणून प्रमाण हवं ते चौरस मीटरमागे आणि दिवसामागे. त्यासाठी तीन गोष्टी बर्फ उचलतानाच मोजाव्या लागतात: किती क्षेत्रफळावरचा बर्फ घेतला, त्याचं वजन किती भरलं, आणि तो किती दिवसांत साचला. माझ्या मते या कामातल्या बहुतेक चुका यंत्रात होत नाहीत, या तिन्ही नोंदींत होतात. बादलीत त्यातलं काहीच नाही.

हिशेब करून पाहू. बर्फ उभ्या नळीनं कापून काढतात, नळीत येणाऱ्या त्या दंडगोलाला गाभा म्हणतात. नळीचा आतला व्यास ७ सेंटिमीटर असेल तर तिचं तोंड ३८.५ चौरस सेंटिमीटरचं. एका जागी पाच गाभे काढले तर एकूण १९२.४ चौरस सेंटिमीटर. पाचही गाभ्यांचं मिळून वजन २.१२ किलो भरलं, तर २१२० भागिले १९२.४ म्हणजे ११ सेंटिमीटर, अर्थात ११० मिलिमीटर जलतुल्य, म्हणजे बर्फ वितळून होणाऱ्या पाण्याची उंची. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर, त्यामुळे पुढचं सोपं आहे. १२ गुणिले ११० म्हणजे चौरस मीटरमागे १३२० मायक्रोग्रॅम निकेल. बर्फ ९० दिवसांचा असेल तर रोजचे १४.७. आता दूरच्या स्वच्छ जागी लिटरमागे ०.६ आणि जलतुल्य १४० मिलिमीटर असेल, तर तिथला रोजचा भार ०.९३ येतो. लिटरच्या हिशेबात फरक २० पट दिसत होता, जमिनीवरच्या भारात तो सुमारे १६ पट आहे. इथं बर्फाची उंची फार वेगळी नव्हती म्हणून एवढ्यावर भागलं. वजनाचा पडताळा घनतेवरून घ्या. बर्फाची खोली ४८ सेंटिमीटर असेल तर घनता घनसेंटिमीटरमागे ०.२३ ग्रॅम येते आणि मुरलेल्या बर्फाला ती शोभते. ताज्या भुसभुशीत थराला ०.०५ ते ०.१, वाऱ्यानं दाबलेल्याला ०.३५ ते ०.४. यापेक्षा विचित्र काही आलं तर नळीतून बर्फ निसटला किंवा खाली पाणी आहे असं समजा.

व्यास मोजायचा तो नळीच्या कापणाऱ्या कडेचा, आतून. कडा थोडी आत वळलेली असते. ७ ऐवजी ती प्रत्यक्षात ६.८ असेल तर क्षेत्रफळात ६ टक्के फरक पडतो, आणि तो प्रत्येक नमुन्यात एकाच दिशेनं जातो.

आता दुसरा भाग: 'कारखाना हवेत किती सोडतो'. बर्फ सांगतो ते खाली किती उतरलं. हवेत घनमीटरमागे किती होतं, ते नाही. धुराड्यातून निघालेली जाड धूळ जवळ बसते, बारीक कण आणि वायू लांब जातात. सल्फर डायऑक्साइड तर कोरड्या, थंड बर्फावर फारच हळू बसतो. त्यामुळे स्मेल्टरच्या अगदी जवळच्या बर्फात धातू प्रचंड आणि सल्फेट मात्र अपेक्षेपेक्षा कमी, असं चित्र दिसलं तर प्रयोगशाळेवर खापर फोडू नका. कणांनी वाहून आणलेल्या धातूंसाठी, धुळीसाठी आणि जड पीएएचसाठी, म्हणजे बहुचक्रीय हायड्रोकार्बनसाठी, बर्फ उत्तम आहे. सल्फेटसाठी बरा. नायट्रेट उन्हानं बर्फातूनच विघटित होऊन निसटतं, म्हणून ते सावधपणे वाचायचं. पाऱ्याचं तर आणखी अवघड: पृष्ठभागावरच्या बर्फातला पारा सूर्यप्रकाशात पुन्हा वायुरूप होऊन दिवस-दोन दिवसांत बराचसा उडून जातो. वरच्या पापुद्र्यातल्या पाऱ्यावरून हिवाळ्याचा हिशेब मांडू नये.

नमुना घेण्याची वेळ ठरलेली आहे: थर सर्वांत जाड झाला आहे आणि वितळायला अजून सुरुवात झालेली नाही, ते आठवडे. घाई याची की पहिलं पाणी बर्फातलं विरघळलेलं सगळं ओढून नेतं. बर्फाचे कण पुन्हा पुन्हा स्फटिकरूप होताना क्षार त्यांच्या पृष्ठभागावर ढकलले जातात आणि थेंब सुटला की त्याच्याबरोबर जातात. नॉर्वेतल्या प्रयोगांत १९७८ मध्येच दिसलं होतं की पहिल्या ३० टक्के पाण्यात ५० ते ८० टक्के आयन निघून जातात. म्हणजे थर वरून जवळपास तेवढाच दिसतो आणि आतला सल्फेट अर्ध्याहून कमी झालेला असतो. धुळीचे कण मात्र मागे राहतात, उलट वर साचतात. म्हणून प्रत्येक जागी आधी फावड्यानं खड्डा करून भिंत नीट तासून घ्या, दर १० सेंटिमीटरला तापमान टिपा आणि बर्फाचे कडक पापुद्रे शोधा. सगळीकडे शून्याखाली तापमान आणि पापुद्रा नाही, तर थर अस्पर्श आहे. मध्येच काचेसारखा पट्टा असेल तर हिवाळ्यात पाऊस पडून गेला किंवा वितळ झाली. मग विरघळलेल्या भागाचा आकडा 'किमान एवढा' म्हणूनच लिहायचा. कणांचा आकडा तरीही चालतो.

दिवस मोजायचे ते स्थिर बर्फ बसल्यापासून. पहिला बर्फ पडला आणि आठवड्यात विरघळला, तर तो धरायचा नाही. जवळच्या हवामान केंद्राच्या बर्फखोलीच्या नोंदीवरून तारीख मिळते. शक्य असेल तर हिवाळ्याच्या आधीच प्रत्येक जागी पॉलिथिलीनचा एक मीटर चौरस पांढरा पाट जमिनीवर ठेवून खांबानं खूण करावी. याचा फायदा दुहेरी आहे. सुरुवातीची तारीख पक्की होते आणि तळाची माती नमुन्यात येत नाही. पाट नसेल तर तळाचे ३ ते ५ सेंटिमीटर सोडावे लागतात, कारण चिमूटभर मातीत अ‍ॅल्युमिनियम आणि लोह अख्ख्या गाभ्यापेक्षा जास्त असतं. पण ते सोडले की हंगामाचे पहिले दिवस हिशेबातून गळतात. ते किती सोडले याची नोंद नसेल तर दोन जागांची तुलना करता येत नाही.

जागा निवडताना वाऱ्याची दिशा आधी पाहा. फक्त हिवाळ्यातल्या महिन्यांचा वारा घ्यायचा, वर्षाचा नव्हे. प्रमुख वाऱ्याच्या दिशेनं एक रांग, तिच्या उलट एक, आडवी एक. अंतरं समान नकोत, वाढत जाणारी हवीत: १, २, ५, १०, २०, ४० किलोमीटर. भार जवळ झपाट्यानं उतरतो आणि पुढे लांब शेपूट राहते. समान अंतरं ठेवली तर अर्धे नमुने शेपटीत वाया जातात. रस्त्यापासून निदान २०० मीटर दूर राहा, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि टायरचं जस्त त्याहून लांबही उडतं. झाडाखाली नको, कारण फांद्यांवर अडकलेली धूळ गठ्ठ्यानं खाली पडते. झाडीतली अशी मोकळी जागा घ्या की जिथं नमुन्याच्या ठिकाणापासून सर्वांत जवळचं झाड त्याच्या उंचीइतकं तरी दूर आहे. गोठलेलं तळं मोहक वाटतं: सपाट, माती नाही, झाड नाही. पण बर्फाच्या वजनानं तळ्यावरचा गोठलेला थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि खालचा भाग लगद्यासारखा ओला होतो. नळीच्या टोकाला ओलसर राखाडी काही लागलं तर ती जागा सोडा, ते तळ्याचं पाणी आहे.

नळी धातूंसाठी पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिकची, फावडी आणि पिशव्या पॉलिथिलीनच्या. पाणीसाठा मोजण्यासाठी वापरतात ती अ‍ॅल्युमिनियमची नळी जलतुल्यासाठी उत्तम आहे, धातूंच्या नमुन्यासाठी बाद. पीएएचसाठी नेमकं उलट: प्लॅस्टिक टाळायचं, स्टीलचं फावडं आणि तपकिरी काचेच्या बरण्या, तेही अनेक लिटर पाणी होईल एवढा बर्फ. पाऱ्यासाठी फ्लोरोपॉलिमरची किंवा काचेची स्वतंत्र बाटली. तिन्हींसाठी एकच पिशवी वापरून भागवायचा मोह होतो, पण त्यात तिन्ही बिघडतात.

धातूंच्या बाटल्या आणि नळी १० टक्के नायट्रिक आम्लात किमान २४ तास बुडवून, १८.२ मेगाओहमच्या अतिशुद्ध पाण्यानं धुऊन, दुहेरी पिशवीत न्यायच्या. जागेवर दोघं लागतात. एकाचे हात फक्त आतल्या पिशवीला, नळीला आणि बर्फाला लागतात. दुसरा बाहेरची पिशवी, पेन, काटा, हातातलं घड्याळ सांभाळतो. वाऱ्याला तोंड करून उभं राहायचं, म्हणजे अंगावरचं काही नमुन्याकडे उडत नाही. गाडीचं इंजिन बंद, आणि शेवटचे काहीशे मीटर पायी. हातमोजे पावडर नसलेले नायट्राइलचे. पावडर असलेल्या हातमोज्यांतून जस्त येतं आणि ते नेमकं जस्ताच्या कारखान्याचं म्हणून खपतं. एका जागी ५ ते १० गाभे काढून एकत्र करा, आणि दहातल्या एका जागी सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या दुसऱ्या संचाशिवाय दोन जागांतला ३० टक्के फरक खरा की वाऱ्यानं केलेला, हे सांगता येत नाही.

स्वच्छतेचा हा सोस अतिरेकी वाटतो खरा. पण भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या बर्फात शिसं शतकानुशतकं कसं वाढत गेलं ते १९६९ मध्ये दाखवलं, ते याच सोसामुळे शक्य झालं. त्याआधीचे बरेच आकडे बर्फातल्या शिशाचे नव्हते, प्रयोगशाळेतल्या शिशाचे होते. पुढे शिसंविरहित पेट्रोल आल्यावर तिथल्या ताज्या बर्फातलं शिसं २० वर्षांत साडेसात पटीनं उतरल्याचं १९९१ मध्ये दिसलं. कारखान्याजवळ एवढ्या कमी पातळीवर काम करावं लागत नाही, पण तुलनेची स्वच्छ जागा त्याच पातळीच्या जवळ असते, आणि भागाकारात तीच खाली बसते.

नमुने उणे २० अंशांवर गोठलेले ठेवायचे. वितळवायचे बंद भांड्यात, खोलीच्या तापमानाला, रात्रभर. शेगडी किंवा मायक्रोवेव्ह नको. आणि पूर्ण वितळू द्यायचं: अर्धं वितळलेलं वरचं पाणी ओतून घेतलं तर मघाशी सांगितलेला पहिल्या पाण्याचा प्रकार तुमच्या भांड्यातच घडतो आणि प्रमाण भलतंच वाढून येतं. पिशवी रिकामी केल्यावर तळाशी आणि घड्यांत काळी रेघ राहते. ती मोजलेल्या शुद्ध पाण्यानं धुऊन नमुन्यात घ्या. जवळच्या जागांमध्ये धातूचा बराच वाटा त्या रेघेत असतो.

वितळल्यापासून गाळण्यापर्यंतचा वेळ सगळ्या नमुन्यांना सारखा ठेवा, शक्यतो काही तासांच्या आत. सिमेंटची किंवा राखेची धूळ पाण्यात पडल्या क्षणापासून विरघळत असते: कॅल्शियम वर जातं, सामू (पीएच) चढतो, आणि सामू चढला की विरघळलेले धातू पुन्हा कणांवर चिकटतात. सकाळी गाळलेला आणि दुसऱ्या दिवशी गाळलेला नमुना एकाच पिशवीतला असला तरी वेगळा निघतो.

गाळणी ०.४५ मायक्रॉनची, सेल्युलोज किंवा पॉलिकार्बोनेटची, आधी शोषकपात्रात सुकवून वजन केलेली. काचतंतूची गाळणी धुळीच्या वजनाला आणि पीएएचला चालते, पण धातूंसाठी नाही, कारण तिच्यातूनच जस्त आणि बेरियम सुटतं. कारखान्याजवळचं पाणी २०० मिलिलिटरमध्येच गाळणी बुजवतं. बुजल्यावर दाब वाढवत बसू नका, गाळणी बदला आणि किती पाणी गेलं ते लिहा. गाळलेल्या पाण्याचे दोन भाग करा. आयनांसाठीचा भाग तसाच थंड ठेवा, धातूंसाठीच्या भागात अतिशुद्ध नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणा. आम्ल घातलेल्या बाटलीतून नायट्रेट मोजायला पाठवण्याची चूक दरवर्षी कुणीतरी करतंच.

तुमच्या १२ मायक्रोग्रॅमबाबत प्रयोगशाळेला पहिला प्रश्न हाच विचारा: हे गाळलेल्या पाण्यातलं निकेल की एकूण? स्मेल्टरजवळ कणांमधलं निकेल विरघळलेल्यापेक्षा सहज जास्त असतं. गाळलेलंच मोजलं असेल तर वरचा हिशेबही अर्धाच आहे. बादलीतलं पाणी उरलं असेल तर ते ज्या भांड्यात आहे त्यातच आम्ल घालून दोन-तीन दिवस ठेवा आणि पुन्हा मोजून घ्या, भिंतीला चिकटलेलं सुटून येतं. बादली मातीपर्यंत खुपसली होती की वरवरचा बर्फ भरला होता, हे आठवत असेल तर तेही कागदावर उतरवा. भार मात्र त्यातून निघणार नाही.

गाळणीवरच्या धुळीचं वजन हा स्वतंत्र आणि स्वस्त आकडा आहे. लिटरमागे ३६ मिलिग्रॅम धूळ, ११० मिलिमीटर जलतुल्य, ९० दिवस, म्हणजे रोज चौरस मीटरमागे ४४ मिलिग्रॅम. रशियात शहरांभोवतीच्या बर्फाची अशी पाहणी फार जुनी आहे. तिथं पार्श्वभूमी १० धरतात, २५० पर्यंत कमी, ४५० पर्यंत मध्यम, ८५० पर्यंत जास्त आणि त्यापुढे अतिजास्त. म्हणजे आपलं उदाहरण 'कमी' गटात बसतं. इथंच या वर्गीकरणाची मर्यादा कळते: ते धुळीचं आहे, विषारीपणाचं नाही. ४४ मिलिग्रॅम चुनखडी आणि ४४ मिलिग्रॅम स्मेल्टरची धूळ त्याला सारखीच.

त्या धुळीत धातू मोजायला ती आम्लात पूर्ण विरघळवावी लागते. नुसत्या नायट्रिक आम्लानं सिलिकेट तसेच राहतात आणि अ‍ॅल्युमिनियम कमी येतं. याचा फटका पुढे बसतो. नैसर्गिक मातीपेक्षा धातू किती पट समृद्ध आहे हे पाहताना निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं गुणोत्तर भूकवचातल्या गुणोत्तरानं भागतात. वरच्या भूकवचात अ‍ॅल्युमिनियम किलोमागे सुमारे ८१,५०० मिलिग्रॅम आणि निकेल ४७ धरतात. धुळीत अ‍ॅल्युमिनियम ४०,००० आणि निकेल २,३५० असेल तर समृद्धी सुमारे १०२ पट. अ‍ॅल्युमिनियम अर्धंच सुटलं तर तीच २०४ होते, एकही कण जास्त न पडता. पूर्ण विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते काम त्याची सवय आणि ते आम्ल अंगावर पडल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असलेल्या प्रयोगशाळेनंच करावं, घरच्या किंवा शाळेच्या टेबलावर कधीही नाही. १० पटींच्या वर समृद्धी असेल तर स्रोत माती नाही असं साधारण मानतात. पण निकेलच्या खाणीच्या परिसरात खडकच निकेलनं भरलेला असतो, तिथं जगाची सरासरी न घेता स्थानिक मातीचं गुणोत्तर घ्या.

स्रोत ओळखायला एकटा धातू पुरत नाही, जोड्या बघाव्या लागतात. निकेल, तांबं, कोबाल्ट एकत्र आणि सोबत आर्सेनिक: सल्फाइड धातुकाचा स्मेल्टर, जसे रशियातले नोरिल्स्कचे किंवा कोला द्वीपकल्पावरचे जुने. व्हॅनेडियम आणि निकेल: जड तेलाचं ज्वलन. फ्लोराइड: अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना. कॅल्शियम आणि ७ च्या वर सामू: सिमेंट. सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारख्या गोल गोळ्या दिसल्या तर कोळशाची राख. समुद्राजवळ सल्फेटमधून समुद्राचा वाटा आधी वजा करा, सोडियमच्या वजनाच्या ०.२५ पट. रस्त्याचं मीठ असेल तर ही वजाबाकी फसते, कारण सोडियम समुद्राचं नसतं. त्याच मिठातलं क्लोराइड आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे वस्तुमानावरून धातू मोजणाऱ्या यंत्रात, आर्गॉनशी जोडी जमवून ७५ वस्तुमानावर आर्सेनिकचं सोंग घेतं, आणि ऑक्सिजनशी जोडी जमवून ५१ वर व्हॅनेडियमचं. अशा जोड्या अडवणारा हेलियमचा टक्कर-कक्ष वापरला का, हे अहवालात पाहा.

सामूची सरासरी सरळ काढू नका. आधी हायड्रोजन आयनांत बदला, जलतुल्यानं भार द्या, मग परत सामूत आणा. स्वच्छ बर्फाचं पाणी इतकं पातळ असतं की साधा इलेक्ट्रोड मिनिटानुमिनिटं सरकत राहतो. कमी आयनांच्या पाण्यासाठीचा इलेक्ट्रोड लागतो. धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का, ते प्रत्येक नमुन्याला तपासा.

सगळ्या जागांचे भार अंतराविरुद्ध मांडून, पार्श्वभूमी वजा करून, वर्तुळांच्या क्षेत्रफळानं गुणलं की परिसरात उतरलेला एकूण धातू टनांत येतो. हा आकडा मोहात पाडतो आणि तोच सर्वांत नाजूक आहे. २० ते ४० किलोमीटरच्या कड्याचं क्षेत्रफळ आतल्या ५ किलोमीटरच्या वर्तुळाच्या ४८ पट असतं, त्यामुळे शेपटीत पार्श्वभूमी थोडी चुकली तरी बेरीज दुप्पट होऊ शकते. तो नेहमी पल्ल्यात द्या. आणि सगळा भार धुराड्याच्या नावावर टाकू नका. कॅनडात अथाबास्काच्या तेलवाळू प्रकल्पांभोवती २००८ मध्ये घेतलेल्या बर्फात जवळपास ५० किलोमीटरपर्यंत वाढलेला भार दिसला होता. पुढच्या अभ्यासांत उघड्या खाणींची धूळ आणि कोकच्या ढिगांवरून उडणारी भुकटी हेही त्याचे मोठे वाटेकरी निघाले.

शोधमर्यादेखालचे, म्हणजे खात्रीनं ओळखता येईल त्याहून लहान आकडे शून्य लिहू नका आणि गाळूही नका. कोऱ्या नमुन्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट ही मर्यादा, आणि कोरा नमुना म्हणजे जागेवर नेलेलं, नळीतून ओतलेलं, पिशवीत भरलेलं, गाळणीतून गेलेलं शुद्ध पाणी. प्रयोगशाळेतच भरलेली बाटली नव्हे. दर दिवशी एक तरी असा घ्या. त्यात निकेल दिसलं तर स्वच्छ जागांचे आकडे त्या दिवसापुरते बाजूला ठेवावे लागतात, जवळच्या जागांचे बहुधा वाचतात.